फ चं नाव

पूर्वाषाढा नक्षत्राच्या वाट्याला आलेली अक्षरं भू, धा, फा आणि ढा. ज्यानं ही वाटणी केली, त्याच्यावर स्वतःच्या घरी बारसं करायची पाळी आली नसावी. भू आला तर निदान भूषण, भूमिका निघतात. धा ला धारा आहे. ढा आला की मायबाप सरळ महाराजांना दुसरं अक्षर मागतात. माझ्या भाचीला आला फ.

आमच्या भागात, म्हणजे वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर-हिंगणघाटकडे, बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. मान आत्याचा, पण नाव ठरवणार सगळे: आई, आईची बहीण, तिची कॉलेजातली पोरगी आणि आता फोन. संस्कृतात फ वरून मुलीचं नाव शोधायला बसलं की फाल्गुनीपाशी गाडी थांबते. मुलगा असता तर फणींद्र होता. पण आजच्या वर्गात फणींद्र नावाच्या पोराचे काय हाल होतील ते मी मास्तरीण असल्यामुळे सांगू शकते.

वहिनीनं फोनवर ‘फ वरून मुलींची नावे’ एवढंच लिहिलं आणि नावं धो धो यायला लागली. फिरोजा, फरजाना, फरनाज, फरिश्ता. प्रत्येकीपुढे बारीक अक्षरात ‘पर्शियन’ आणि त्यापुढे अर्थ.

“ताई, पर्शियन म्हंजे ते केसाळ मांजर असते, ते ना?”

“फारसी. इराणची भाषा,” मी म्हटलं.

भाऊ बाजेवर पडल्या पडल्या ऐकत होता. “म्हंजे मुसलमानी नावं,” तो म्हणाला. “तेवढं नोको बा. लोक इचारतीन.”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आकस तर नव्हताच. लोक विचारतील, एवढीच त्याची अडचण. आणि सध्याच्या दिवसांत ती अगदीच खोटी म्हणता येत नाही. फक्त हे बोलणाऱ्या माझ्या भावाच्या आधार कार्डावर मधलं नाव आहे साहेबराव. आमचे आबाजी गुलाबराव. त्यांचे वडील फकिरा, आणि फकिराचे वडील दौलत. साहेब, फकीर आणि दौलत हे तिन्ही शब्द मुळात अरबी, फारसीच्या बैलगाडीत बसून मराठीत उतरलेले. गुलाब तर अस्सल फारसी. आमच्या घरात चार पिढ्यांचे कर्ते पुरुष याच नावांनी जगले, कर्ज फेडून मेले, आणि कुणी काही विचारलं नाही.

गुलाबाचं आधी सांगते, कारण ते नाव आमच्या घरात सगळ्यात जास्त गाजलेलं आहे, तेही न उच्चारता. फारसीत फुलाला म्हणतात ‘गुल’ आणि पाण्याला ‘आब’. गुलाब म्हणजे तिकडे गुलाबपाणी. आपण पाण्याचं नाव फुलालाच देऊन टाकलं. आणि हा जो आब आहे, तो संस्कृतातल्या ‘आपः’चा सख्खा भाऊ, दोन्ही भाषा एकाच जुन्या घरातून वेगळ्या निघालेल्या. पण आमच्या आजीला यातलं काही देणंघेणं नाही. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून ती आयुष्यभर गुलाबाच्या फुलाला ‘ते तांबडं फूल’ म्हणत आली. पांढरा गुलाब असला तरी तांबडंच. लग्नाच्या पंगतीत गुलाबजाम वाढायला आले की ती पोराला म्हणायची, “बापू, ते पाकातले गोळे दे जरा.” आबाजी जाऊन वर्षं झाली, पण गोळे अजून गोळेच आहेत. उखाण्यात मात्र ती हे नाव खणखणीत घ्यायची. तिथं मुभा होती.

त्या दिवशी फ चा घोळ आजीच्या कानावर गेला. ती म्हणाली, “फ चं नाव त आपल्या घरीच हाय की.”

“कोणतं?”

“मामाजीचं.”

मामाजी म्हणजे तिचे सासरे. सासऱ्याचंही नाव घ्यायचं नाही. वहिनीनं पुन्हा विचारलं, आजीनं पुन्हा ‘मामाजीचं’ एवढंच सांगितलं. मग त्या नावाची अख्खी गोष्ट तिनं नाव न घेता सांगितली, आणि वहिनीला शेवटी माझ्याकडे बघावं लागलं. फकिरा, मी हळूच म्हटलं.

गोष्ट अशी. मामाजीच्या आधीची लेकरं जगली नाहीत. कुणी सव्वा महिन्याचं गेलं, कुणी चालायला लागलं आणि गेलं. मग त्यांच्या मायनं गिरडच्या पिराला नवस बोलला. गिरड आमच्या समुद्रपूर तालुक्यातच, टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा. त्या टेकडीवर सुपारीएवढे, लिंबाएवढे गोल गोल खडे सापडतात. भूगर्भाचे जाणकार त्यांना खनिजांच्या गाठी म्हणतात; गावकरी सांगतात, बाबांची टिंगल करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मालाचे ते दगड झाले. लहानपणी आम्ही ते खिशात भरून आणायचो आणि आजी ते परत नेऊन टाकायला लावायची. माल बाबांचा, आपला नव्हे. तर लेकरू जगलं म्हणून त्याला मोहरमात फकीर केला. गळ्यात रंगीत दोरा, अंगात हिरवं, हातात वाटी; ओळखीच्याच पाच घरी मायनं त्याला मागायला लावलं. मिळालेलं धान्य दर्ग्यावर गेलं आणि नाव पडलं फकिरा.

यात जो विचार आहे तो जुना आहे, आणि तो एकट्या पिराचा नाही. आमच्या गावात उकंडराव होते, त्यांना जन्मल्याबरोबर उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर, ठेवून परत उचलून आणलं होतं. दगडू होता, भिकाजी होता, कचरू होता. ज्याच्यावर मृत्यूचा डोळा आहे त्याला इतकं क्षुद्र नाव द्यायचं की नेणाऱ्याला वाटावं, हे नेण्यासारखं नाही. उकंडा मराठी, भिका संस्कृतातून आलेला, फकिरा अरबी-फारसी. मायनं कोशात बघून निवड केली नव्हती. जो देव, जो पीर जवळ होता, त्याच्या भाषेतलं हलकं नाव तिनं उचललं.

अशी नावं गावात मोजायला बसलं तर रात्र सरेल. खुशालराव: खुश म्हणजे आनंदी, हाल म्हणजे स्थिती, आपण ‘खुशाल जा’ म्हणतो तोच शब्द. हिंमतराव. नाजुकराव, आणि हे नाव धारण करणारा माणूस क्विंटलभर कापसाचा बोद एकटा पाठीवर घ्यायचा. दौलत या शब्दाचं मराठीनं तर राज्यच करून टाकलं. जुन्या पत्रांत ‘दौलत’ म्हणजे पैसा नाही, अख्खं राज्य. आमच्या दौलतकडे दोन्हींपैकी काही नव्हतं.

साहेबरावांचं, म्हणजे माझ्या वडिलांच्या नावाचं, कारण वेगळं आहे. आमच्या भागात मालगुजारी होती, म्हणजे सारा वसूल करणारा मालगुजारच गावाचा मालक; ती गेली 1951 साली. आबाजी मालगुजाराच्या वाड्यावर सालदार होते. (मालगुजार आणि सालदार, शोषण करणारा आणि सोसणारा, दोघांचीही पदं फारसी वळणाची. साल म्हणजे वर्ष.) वाड्यावर सालदाराच्या पोराला नावानं नीट कुणी हाकारत नसे, गणपतचा गणप्या, नामदेवचा नाम्या. आबाजींनी हिशेब केला की पोराचं नावच साहेबराव ठेवलं तर झक मारत साहेब म्हणावं लागेल. वाड्यावरच्यांनी त्याला साहेब्या केला. पुढे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक झाले तेव्हा कुठे ते साहेबराव गुरुजी झाले. मालगुजाराचा नातू त्यांच्याच वर्गात होता.

म्हणून मला फोनमधल्या नावांपुढचा ‘अर्थ’ वाचताना जरा हसू येतं. जुन्या लोकांना नावाचा अर्थ माहीत नव्हता, पण कारण माहीत होतं. फकिरा का, साहेबराव का, हे घरातलं कुणीही सांगू शकत होतं. आता अर्थ सगळ्यांना पाठ असतो आणि कारण विचारलं तर उत्तर येतं, ‘छान वाटलं.’ छान वाटणं हेही कारण आहे, मी नाही म्हणत नाही. पण मग अर्थ तरी खरा हवा की नको? माझ्या वर्गात दरवर्षी दोनतीन आरव असतात. फोन सांगतो, आरव म्हणजे शांत. संस्कृतात रव म्हणजे आवाज, आरव म्हणजे गलका. माझे सगळे आरव संस्कृताशी प्रामाणिक आहेत. अनायापुढे भलताच संस्कृत विग्रह करून ठेवलेला असतो; तो अरबी ‘इनाया’, जपणूक, कृपादृष्टी. जुन्या मराठीत ‘इनायत’ होतंच की. कियारा तर युरोपातून आलेली, तिला कुठे फारसी दाखला मिळतो, कुठे संस्कृत.

त्या संध्याकाळी वहिनी एकेक नाव वाचत होती आणि मी माझ्या माहितीप्रमाणे चाळणी लावत होते. फरजाना म्हणजे शहाणी, हे बरोबर. फरिश्ता म्हणजे देवदूत, बरोबर. फिरोजाशी आम्ही बराच वेळ थांबलो. फिरोज म्हणजे विजयी, आणि फिरोजा हा निळसर हिरवा खडा. इराणातल्या निशापूरच्या खाणी त्यासाठी शतकानुशतकं प्रसिद्ध. पण या नावाचं मूळ रूप प चं होतं, पिरोज. अरबांच्या लिपीत आणि जिभेत प नाही, त्यामुळे इराणवर अरबांचं राज्य आल्यावर प चा फ झाला. पारसचं फारस झालं ते असंच. मराठीनं दोन्ही ठेवले: भाषा फारसी, पण ती लिहिणाऱ्याचं आडनाव पारसनीस. खड्यालाही आपण पिरोजाच म्हणतो. आता पि चं नक्षत्र कोणतं? उत्तरा फाल्गुनीचा चौथा चरण. म्हणजे फिरोजाला तिच्या मुळावर नेलं की पूर्वाषाढा सुटते आणि हातात येते फाल्गुनी! हे मी भावाला मोठ्या उत्साहानं सांगितलं. तो म्हणाला, “ताई, तू शाळेत असंच शिकवते का?”

फ सोडून वहिनी पुढे सरकली तसतशी मलाच नावांची गोडी लागत गेली. शिरीन, गोड. झरीन, सोन्याची. नर्गिस हे फूल, यास्मिन म्हणजे चमेलीच्या जातीचं फूल, नसरीन म्हणजे रानगुलाब. आमच्या घराच्या मागे पिंजाऱ्यांची दोन घरं आहेत. पूर्वी त्यांच्या धनुकलीचा टणत्कार गादी भरायच्या दिवसांत अख्ख्या गल्लीला ऐकू यायचा. तिथल्या चाचीचं नाव परवीन. लहानपणापासून मी तिला परवीनचाची म्हणते. परवीन म्हणजे आकाशातला तो बारीक ताऱ्यांचा झुबका, ज्याला आपण कृत्तिका म्हणतो. माझ्या वर्गातली कृतिका आणि मागच्या घरातली परवीनचाची यांचं नाव एकच आहे. या नावात धर्म कुठेच नाही, नुसतं आभाळ आहे. नर्गिस, नसरीन, शबनम यांचंही तेच. फुलं आणि दव. इस्लाम इराणात पोचायच्याही आधीपासून तिथले लोक सूर्य, तारे, फुलं यांची नावं पोरांना देत होते आणि नंतरही देत राहिले. मुसलमानी नाव आणि फारसी नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे भावाला सांगताना मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं, कारण परवीनचाचीच्या घरचा शिरखुर्मा तो दर ईदेला खातो.

मेहेरचं तर विचारूच नका. मेहेर म्हणजे सूर्य, आणि मेहेर म्हणजे माया, स्नेह. हाच वेदांतला मित्र. वेदात मित्र हा देव, इराणात मिथ्र हा देव, आणि त्याचं झिजत झिजत झालं मेहेर. मेहेरबान म्हणताना आपण नकळत मित्राचंच नाव घेतो. जमशेदची गोष्ट त्याहून भारी. नागपूरला 1877 मध्ये एम्प्रेस मिल सुरू करणारे जमशेटजी टाटा. आमच्याकडच्या कापसावरच अशा गिरण्या उभ्या राहिल्या, म्हणून हे नाव इकडे परकं नाही. इराणी पुराणातला हा तेजस्वी राजा जमशेद, अवेस्तात, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथात, त्याचं नाव ‘यिम’, आणि आपल्या वेदांत तोच यम. इकडे तो रेड्यावर बसून न्यायला येतो, तिकडे त्याच्या राज्यात सुवर्णयुग होतं. आमच्या फकिराच्या मायला हे कळलं असतं तर तिनं काय म्हटलं असतं, कोण जाणे. आणि नाव? फारसीत नावाला ‘नाम’ म्हणतात. मुलीला ‘दुख्तर’, तीच आपली दुहिता.

ही भाषा आमच्या मातीत आली कशी, याचं पुस्तकी उत्तर आहेच. बहामनी राज्य फुटलं तेव्हा वऱ्हाडात 1490 ते 1574 इमादशाही होती, राजधानी एलिचपूर, म्हणजे आजचं अचलपूर. मग मोगल, मग निजाम. वर्धा नदीच्या अलीकडे देवगडचे गोंड राजे. त्यांच्यातल्या ज्यानं 1702 च्या सुमारास नागपूर वसवलं त्याचं नाव बख्त बुलंद. बख्त म्हणजे नशीब, बुलंद म्हणजे उंच. नशीब उंच असलेला गोंड राजा, फारसी नावाचा, आणि त्यानं वसवलेल्या शहरात पुढे मराठे भोसले. या सगळ्यांच्या दप्तरात फारसी होती. इंग्रजांनी 1837 मध्ये कंपनीच्या कारभारातून तिला काढलं. गावच्या पाट्यांवरून मात्र कुणी काढू शकलं नाही. विदर्भात कुठल्याही रस्त्याला लागा, एखादं गाव खुर्द आणि शेजारचं बुद्रुक. खुर्द म्हणजे धाकटं, बुद्रुक म्हणजे बुजुर्ग, थोरलं. गावांची नावं ठेवतानासुद्धा धाकटी पाती, थोरली पाती.

शिवाजी महाराजांनी हे बदलायचा मोठा प्रयत्न केला. पेशव्याचा पंतप्रधान केला, मुजुमदाराचा अमात्य, डबीराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती, आणि त्यासाठी ‘राज्यव्यवहारकोश’ करवून घेतला. परकी भाषा कारभारातून काढायची म्हणजे काय काम असतं, हे त्यावरून कळतं. पण तो हुकूम पदांना होता, माणसांना नव्हता. खुद्द त्यांच्या वडिलांचं नाव शहाजी. मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला आणि मुलांची नावं शहाजी नि शरीफजी ठेवली, अशी परंपरेनं सांगितली जाणारी हकीकत आहे. म्हणजे आमच्या विदर्भातल्या सिंदखेड राजाची लेक ज्या घरात गेली, त्या घराचं आणि आमच्या फकिराच्या घराचं नावापुरतं कारण एकच: लेकरासाठी पिराला केलेला नवस.

कागदावर हे सगळं पहिल्यांदा मी पाहिलं ते जात पडताळणीच्या वेळी. नोकरी लागल्यावर वैधता प्रमाणपत्रासाठी जुना पुरावा लागतो, आणि आमच्याकडे त्यासाठी सगळे कोतवाल बुकाच्या मागे लागतात. गावचा कोतवाल जन्ममृत्यूची खबर द्यायचा, त्याच्या नोंदी. तहसीलच्या आवारात कडुलिंबाखाली टेबल टाकून बसलेल्या अर्जनवीसानं अर्ज लिहून दिला. (फडणवीस, चिटणीस, पोतनीस ही सगळी आडनावं याच नवीसाच्या कुळातली. नवीस म्हणजे लिहिणारा. बाकीचे वाड्यात गेले, हा एकटा झाडाखाली राहिला.) बुक समोर आलं तेव्हा पानाच्या कडा बिस्किटासारख्या मोडत होत्या. काळी शाई तपकिरी पडलेली. हाताने आखलेल्या रेघा, आणि एका रकान्यात वळणदार अक्षरात: ‘फकिरा वल्द दौलत, कुनबी.’ वल्द म्हणजे मुलगा, अमक्याचा तमका. सातबारावर, जुन्या खरेदीखतांवर हा शब्द अजून भेटतो. पुढच्या रकान्यात जन्मलेल्या लेकराची नोंद होती: ‘मुलगी.’

बस एवढंच. नाव नाही. बापाचं नाव, आजोबाचं नाव, जात, तारीख, सगळं आहे. कारकुनाला लिहायची गरज वाटली नाही की घरच्यांनी सांगितलं नाही, हे आता कुणाला विचारणार? ती फकिराची लेक म्हणजे आमच्या आबाजींची बहीण. आजीला विचारलं, तर ती म्हणाली, “होती वाटते. मायं लगन व्हायच्या आंधीच गेली.” तिला कुणी काय म्हणून हाकारत असेल ते आजीला आठवेना. मला नक्कल मिळाली, त्यावर माझं काम झालं. पण माझ्या फायलीत पुरावा म्हणून लागलेली ती ओळ म्हणजे एका बिननावाच्या पोरीचा जन्म आहे. फोनवर फ च्या नावांचा ढीग पाहून वहिनी वैतागली तेव्हा मला तो रकाना आठवला आणि मी म्हटलं, वैतागू नको, पाहू दे सगळी.

परकी म्हणून जी नावं आज कुणाच्या डोळ्यांत खुपतात, त्यांचं इथलं रहिवासीपण सिद्ध करायला मला पोथ्या लागत नाहीत. अमरावती जिल्ह्यात 1881 साली जन्मलेले प्रज्ञाचक्षू संत, लहानपणीच दृष्टी गेलेली, तरी शास्त्रांवर ग्रंथांमागून ग्रंथ सांगून लिहवून घेतले, स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवून घेतलं. 1915 मध्ये गेले. त्यांचं नाव गुलाबराव महाराज. त्यांना कुणी म्हटलं का, महाराज, नाव तेवढं बदलून घ्या? आणि पंजाबराव देशमुख. पंज म्हणजे पाच, संस्कृतातला पंचच. आब म्हणजे पुन्हा तेच पाणी. पाच नद्यांचं नाव धारण केलेला पापळचा कुणब्याचा पोरगा देशाचा कृषिमंत्री झाला, आणि अकोल्याचं कृषी विद्यापीठ त्याच्याच नावानं आहे. कोरडवाहू विदर्भाच्या विद्यापीठाच्या पाटीवर पाच नद्या लिहिलेल्या आहेत, ही थट्टा कुणी मुद्दाम केलेली नाही. पण एप्रिलमध्ये त्या पाटीखालून जाताना ती जाणवते.

हे मी घरात सांगितलं तेव्हा भाऊ ऐकत होता, पण पटवून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हता. मीही ताणून धरलं नाही. नाव पोरीला वागवायचं आहे, शाळेत, एसटीत, उद्या सासरी. आत्यानं आपल्या वाचनाची हौस तिच्या हजेरीपटावर फेडू नये. फिरोजा बाद झाली. मेहेरवर वहिनी अडून बसली होती, पण तिची आई म्हणाली, “मेहेर काय? हाक मारली त माहेर ऐकू येते.” त्यावर सगळे हसले आणि मेहेरही गेली.

शेवटी राशीचं नाव फाल्गुनी ठरलं, ते पत्रिकेपुरतं. चालू नाव वहिनीच्या धाकट्या बहिणीनं सुचवलं आणि दोन मिनिटांत पास झालं. रोशनी. भाऊ म्हणाला, “हे पाह्य. असं आपल्यातलं नाव ठेवाव.”

मी काही बोलले नाही. आमच्या गावात प्रत्येक आळीत एखादा रोशन आहे. गणपती मंडळाचा अध्यक्ष रोशन आहे. फारसी रोशन आणि संस्कृतातलं रोचन, रुची, एकाच धातूचे. आपल्यातलं म्हणजे तरी काय? आळीतून पुरेशा वेळा हाक मारली गेलेलं. भाऊ त्या हिशेबानं बरोबरच बोलला.

बारशाला घुगऱ्या झाल्या, पाळणा सजला. कुणी घ्या गोविंद, कुणी घ्या गोपाळ झालं, पाळण्याखालून बाळ इकडून तिकडे गेलं. मी कानाशी जाऊन कुर्रर्र केलं, रोशनी सांगितलं, आणि पाठीत बायकांचे धपाटे खाल्ले. परवीनचाची झबलं-टोपरं घेऊन आली होती. तिनं नाव विचारलं आणि म्हणाली, “अच्छा नाव हाय. घरात उजेड.” ग्रामपंचायतीत जन्माच्या नोंदीत नाव घालायला गेलो तेव्हा तिथल्या पोरानं सांगितलं की वर्षभरात नाव टाकलं तर फुकट आहे, त्यानंतर उशिराचं शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत टाकता येतं. भाऊ म्हणाला, पंधरा वर्षं कोण थांबते? मी म्हटलं, टाकून टाक आजच. रकाना रिकामा नको.

परतताना शेतावरून आलो. विहिरीनं तळ गाठला होता, मोटर अर्धा तास चालून बंद पडत होती. भावानं आत वाकून पाहिलं, दगड टाकून पाहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “ताई, यानंतर पोट्टा झाला त नाव आत्ताच सांगून ठेवतो.”

“काय?”

“पंजाबराव. हिरीले तरी पानी येईन.”